एकलव्याचे बाण आणि गुरगुरण्याचा अर्थ

आदिपर्वातील एकलव्याची कथा मराठी वाचकाला नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. द्रोणाचा नकार, मातीचा पुतळा, गुरुदक्षिणेत मागितलेला अंगठा या सर्वांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते आवश्यकच होते. परंतु ज्या प्रसंगामुळे एकलव्याची विद्या उघडकीस येते, त्या प्रसंगातील एका पात्राकडे फारसे कोणी वळून पाहिलेले दिसत नाही. शिकारीस निघालेल्या पांडवांमागे साहित्य घेऊन चाललेल्या माणसाबरोबर एक कुत्रा होता. रानात भटकताना त्याला काळे मृगाजिन पांघरलेला, जटा वाढलेला, मळलेल्या अंगाचा एक अनोळखी माणूस दिसला आणि तो भुंकू लागला. एकलव्याने त्याच्या तोंडात सात बाण मारले. भुंकणे थांबले. तोंडात बाण घेऊन कुत्रा परत आला, तेव्हा पांडव थक्क झाले ते धनुर्धराच्या हस्तलाघवाने. कुत्रा का भुंकत होता आणि पुढे त्याचे काय झाले, हे कथा सांगत नाही. आपणही विचारत नाही. मुलांसाठीच्या पुनर्कथनांत तर रक्ताचा थेंबही न सांडता तोंड कसे बंद झाले, याचेच कौतुक आढळते.

कथेतला कुत्रा माणसावर भुंकत होता. प्रस्तुत लेखाचा विषय दुसऱ्या कुत्र्यांवर धावून जाणारे कुत्रे, हा आहे. तरीही ही कथा आरंभी आठवण्याचे कारण असे की, कुत्र्याच्या आवाजाकडे पाहण्याची आपली रीत तीत नेमकी सापडते. आवाज बंद करणाऱ्याचे कौतुक आणि आवाजाच्या कारणाविषयी संपूर्ण अनास्था. पुण्या-मुंबईच्या कोणत्याही वसाहतीत संध्याकाळी अर्धा तास उभे राहावे. साखळीला बांधलेला एक कुत्रा समोरून येणाऱ्या दुसऱ्या कुत्र्याला पाहून ताठ होतो, गुरगुरतो, मग दोन पायांवर उभा राहून झेपावतो. मालक साखळीला हिसका देतो, गुंडाळलेल्या वर्तमानपत्राचा तडाखा देतो, शेजाऱ्यांकडे पाहून ओशाळे हसतो. समोरच्या कुत्र्याचा मालक याच्या उलट असतो. त्याचा कुत्रा मोकळा असतो आणि तो दुरूनच ओरडतो, "घाबरू नका हो, आमचा काही करत नाही!" पहिल्याला वाटते आपला कुत्रा वाईट आहे, दुसऱ्याला वाटते आपला चांगला आहे. दोघेही आपापल्या कुत्र्याकडे पाहत मात्र नसतात. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे की, ही मुळात निरक्षरतेची समस्या आहे. कुत्रा काय म्हणतो आहे हे वाचता येत नाही म्हणून त्याला गप्प केले जाते. शिकवण्याचा प्रश्न नंतरचा, आधी वाचनाचा.

भाषेपासूनच सुरुवात करू, कारण तो आमचा प्रांत आहे. अशा कुत्र्यासाठी मराठीत विशेषणांची उणीव नाही. भांडखोर, चावरा, मारका, तापट, खुनशी. हे सारे शब्द वागणुकीला स्वभाव बनवतात. माणसाला एकदा 'भांडखोर' म्हटले की तो कोणाशी, कधी आणि कशासाठी भांडला हे विचारण्याचे कारण उरत नाही. उत्तर विशेषणातच दिलेले असते. कुत्र्याच्या बाबतीत या विशेषणांना म्हणींचा आधार मिळतो. कुत्र्याचे शेपूट कितीही नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, ही म्हण प्रशिक्षणाविरुद्धचा आपला सर्वांत जुना युक्तिवाद आहे. भुंकणारा कुत्रा चावत नाही, ही दुसरी म्हण तर सरळ घातक आहे, कारण भुंकणारा कुत्रा पुष्कळदा चावतो. भुंकून भागले नाही म्हणूनच चावतो. विशेषणाच्या जागी क्रियापद ठेवून पाहिले की चित्र बदलते. हा कुत्रा धावून जातो. कोणावर? सर्वच कुत्र्यांवर, की केवळ नरांवर, की काळ्या रंगाच्या मोठ्या कुत्र्यांवर? किती अंतरावरून? साखळी असताना की मोकळा असतानाही? घरात की रस्त्यावर? मालकीण बरोबर असताना की कोणाबरोबरही? या प्रश्नांची उत्तरे लिहून काढली की 'भांडखोर' हा शब्द जवळजवळ निरुपयोगी ठरतो.

कारण त्या एका शब्दाखाली अनेक वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. पहिली आणि बहुधा सर्वांत मोठी म्हणजे भीती. कुत्र्याच्या पिल्लाच्या आयुष्यात साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा एक काळ असा असतो, की त्यात जे जे भेटते ते त्याला जगाचा भाग म्हणून मान्य होते. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेत मेन राज्यातील बार हार्बर येथे दीर्घकाळ केलेल्या अभ्यासातून या काळाचे महत्त्व पुढे आले; त्यांचा ग्रंथ १९६५ साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडे पिल्लू फार लवकर आईपासून तोडले जाते, आणि मग लसीकरण पूर्ण होईपर्यंत सदनिकेत बंद राहते. त्या अवधीत त्याला दुसरा कुत्रा दिसतच नाही. पाचव्या महिन्यात ते प्रथम रस्त्यावर येते, तेव्हा समोर चार अनोळखी, मोठे, मोकळे कुत्रे उभे असतात. त्याने काय समजावे?

दुसरी गोष्ट वैफल्याची. काही कुत्र्यांना दुसऱ्या कुत्र्याकडे जाण्याची उत्कट इच्छा असते, साखळी जाऊ देत नाही, आणि अडवली गेलेली ही ओढ भुंकण्या-झेपावण्यातून बाहेर पडते. बाहेरून पाहणाऱ्याला ही कृती भीतीच्या कृतीसारखीच दिसते. उपाय मात्र वेगळा लागतो. तिसरी गोष्ट राखण करण्याची, मग ते अन्न असो, झोपण्याची जागा असो किंवा खुद्द मालक. चौथी लैंगिक स्पर्धेची. भाद्रपदातल्या कुत्र्यांविषयी आपल्या भाषेत जे बोलले जाते त्यामागे निरीक्षण आहे. आपल्याकडील बहुसंख्य गावठी कुत्र्यांचा माजाचा काळ पावसाळ्याच्या अखेरीस येतो आणि झुंजी तेव्हा वाढतात. पाचवी गोष्ट सर्वांत दुर्लक्षित, ती म्हणजे वेदना. कान पिकलेला, दात किडलेला, खुब्याचा सांधा दुखणारा कुत्रा दुसऱ्या कुत्र्याला जवळ येऊ देत नाही. आजवर शांत असलेला कुत्रा सहा-सात वर्षांचा झाल्यावर अचानक इतर कुत्र्यांवर धावू लागला, तर प्रशिक्षकाच्या आधी पशुवैद्याकडे जाणे इष्ट. शेवटी सवय. भुंकल्यावर समोरचा कुत्रा निघून जातो. तो खरे तर आपल्या वाटेने जात होता, पण भुंकणाऱ्याच्या हिशेबी उपाय यशस्वी झालेला असतो. रोज दोनदा यशस्वी होणारा उपाय कोण सोडील?

आता वाचनाकडे वळू. कुत्र्याची झेप हे वाक्याच्या शेवटचे उद्गारचिन्ह असते. त्याआधीचे सबंध वाक्य आपल्या डोळ्यांसमोर उच्चारले गेलेले असते. जांभई येते, पण झोप आलेली नसते. नाकावरून जीभ झर्रकन फिरते, पण खायला काही नसते. मान वळते, नजर चुकवली जाते, जमीन हुंगण्याचे निमित्त काढले जाते. ही अस्वस्थतेची आणि बहुधा 'मला तंटा नको' अशा सांगण्याची चिन्हे आहेत. ती कोणी ऐकली नाहीत की शरीर ताठरते, तोंड मिटते, डोळ्यांच्या कडांचा पांढरा भाग दिसू लागतो, नजर एका जागी खिळते, पाठीवरचे केस उभे राहतात. मग गुरगुर, मग विचकलेले दात, मग झेप. शेपूट हलते म्हणजे कुत्रा खूष आहे, ही समजूतही तपासून घेतली पाहिजे. आखडून उंच धरलेले आणि बारीक कंपत असलेले शेपूट मैत्रीचे नसते. इटलीतील संशोधकांनी २००७ साली दाखवून दिले की, मालक दिसल्यावर कुत्र्याचे शेपूट त्याच्या उजव्या बाजूला अधिक झुकते, आणि दांडगट अनोळखी कुत्रा दिसल्यावर डाव्या बाजूला. ज्या शेपटाला आपण वाकडेपणाचे प्रतीक बनवले, त्यात एवढी लिपी होती.

खेळ आणि भांडण यांतला फरकही वाचता आला पाहिजे. खेळात पुढचे पाय पसरून छाती जमिनीला टेकवली जाते आणि मागचा भाग वर राहतो. हे खेळाचे आमंत्रण आहे. खेळणारे कुत्रे भूमिका बदलतात. मघाशी पाठलाग करणारा आता पळतो, थोरला आपणहून खाली पडतो. एकाच कुत्र्याने सतत वर राहणे आणि दुसऱ्याने सतत सुटू पाहणे, हा खेळ नव्हे. 'काही करत नाही' म्हणणाऱ्या मालकांचे मोकळे कुत्रे पुष्कळदा नेमके हेच करत असतात. त्यांचे आनंदाने सरळ चालून येणे हे कुत्र्यांच्या शिष्टाचारात उद्धटपणाचे ठरते. दोन मोकळे, जाणते कुत्रे समोरासमोर रेषेत येत नाहीत. ते थोडे वळण घेऊन, बाजूने, कमानीसारख्या वाटेने एकमेकांजवळ येतात. साखळी नेमके हे वळण काढून घेते. अरुंद पदपथावर, आखडलेल्या साखळीत, गळपट्ट्याने मान वर ओढलेल्या स्थितीत दोन कुत्र्यांना आपण थेट समोरासमोर आणतो. पळण्याची वाट साखळीने बंद केलेली असते. मग राहतो तो एकच मार्ग. कित्येक कुत्रे मोकळे असताना शांत आणि बांधलेले असताना आक्रमक का दिसतात, याचे उत्तर या साध्या भूमितीत आहे.

या साऱ्याऐवजी आपल्या मनात एक वेगळाच सिद्धांत ठाण मांडून बसला आहे, तो वर्चस्वाचा. कुत्रा हा लांडगा आहे, लांडग्यांच्या टोळीत एक म्होरक्या असतो, तो इतरांना दाबून राज्य करतो. म्हणून मालकाने कुत्र्याला आडवे पाडून, मानगूट धरून, आपण म्होरके आहोत हे दाखवावे. या सिद्धांताचा इतिहास उद्बोधक आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातील बंदिस्त लांडग्यांवर आधारलेला होता. एकमेकांशी नाते नसलेले, पळायला जागा नसलेले प्राणी एका कुंपणात ठेवले तर ते झुंजणारच. डेव्हिड मीच यांच्या १९७० सालच्या ग्रंथाने ही कल्पना दूरवर पोहोचवली. पुढे त्याच मीच यांनी कॅनडाच्या उत्तर टोकाकडील एल्समिअर बेटावर मोकळ्या लांडग्यांचे अनेक उन्हाळे निरीक्षण केले आणि १९९९ साली लिहिले की, लांडग्यांची टोळी हे सामान्यतः एक कुटुंब असते. ज्याला आपण म्होरक्या म्हणतो तो केवळ बाप असतो, आणि ती आई. आपल्या जुन्या ग्रंथाची छपाई थांबवावी अशी विनंती त्यांनी प्रकाशकाला वारंवार केली. ती २०२२ साली थांबली. संशोधकाने स्वतः मागे घेतलेली कल्पना जगभरच्या दूरचित्रवाणीवर आणि आपल्या सोसायट्यांच्या बागांत अजून सुखाने नांदते आहे.

मराठी वाचकाच्या मनात येथे व्यंकटेश माडगूळकरांचे 'सत्तांतर' येईल. वानरांच्या टोळीतील सत्तासंघर्षाची ती कहाणी १९८३ साली साहित्य अकादमी पुरस्काराने गौरवली गेली, आणि तिच्यामागचे निरीक्षण पक्के आहे. परंतु वानरांचे सत्य कुत्र्यांना लागू करता येत नाही, आणि माणसांचे तर मुळीच नाही. वर्चस्वाची कल्पना आपल्याला इतकी प्रिय का, याचे कारण प्राणिशास्त्रात शोधण्यापेक्षा आपल्या घरांत, शाळांत आणि कचेऱ्यांत शोधावे, असे वाटते.

कारण आपल्या भाषेने एक विलक्षण गोष्ट केलेली आहे. संस्कृतात 'शिक्षा' म्हणजे शिकणे, अध्ययन. हिंदीतही तिचा अर्थ शिक्षणच. मराठीत मात्र शिक्षा म्हणजे दंड. शिकणे आणि मार खाणे हे एकाच शब्दाच्या पोटात इतके एकजीव झाले की, मूळ अर्थासाठी आपल्याला 'शिक्षण' हा निराळा शब्द वापरावा लागला. मोडण्यासाठीही आपल्याकडे शब्दांची रेलचेल आहे. खोड मोडणे, रग जिरवणे, मस्ती उतरवणे, जरब बसवणे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत शारीरिक शिक्षेला मनाई केली, तरी छडीवरचा आमच्या पिढीचा विश्वास पुरता गेलेला नाही. मुलांवर तो उघडपणे चालवता येत नाही एवढेच. कुत्रा उरला आहे.

मारामुळे काय होते ते पाहू. कुत्र्याला समोर दुसरा कुत्रा दिसतो आणि त्याच क्षणी मानेला हिसका किंवा काट्यांच्या गळपट्ट्याची टोचणी मिळते. मालकाला वाटते, आपण भुंकण्याची शिक्षा केली. कुत्र्याच्या मनात जोडी लागते ती दुसरा कुत्रा आणि वेदना यांची. आधी केवळ शंका होती, आता खात्री झाली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुवैद्यकीय चिकित्सालयात आलेल्या कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेऊन २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मारणे, आडवे पाडून दाबून धरणे, कुत्र्यावर गुरगुरणे यांसारख्या उपायांना निदान चौथ्या हिश्श्याच्या कुत्र्यांनी आक्रमकतेनेच उत्तर दिले होते. विजेचा झटका देणाऱ्या गळपट्ट्यांवर वेल्समध्ये २०१० सालापासून बंदी आहे. आणि शिक्षा 'यशस्वी' झाली तर? तर कुत्रा गुरगुरणे सोडतो. भीती तशीच राहते, सूचना मात्र बंद होते. अशा कुत्र्याविषयी लोक नंतर म्हणतात, "काही कल्पना नसताना एकदम चावला हो." कल्पना देण्याची सोय आपणच काढून घेतलेली असते. सात बाण मारलेल्या तोंडातून इशारा कसा निघणार? गुरगुरणे ही बेशिस्त नव्हे. चावण्याची वेळ येऊ नये म्हणून कुत्र्याने केलेली ती शेवटची सभ्य विनंती असते.

याला पर्याय आहे आणि तो शंभर वर्षांचा जुना आहे. मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ स्त्रीने १९२४ साली पीटर नावाच्या एका लहान मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. मूल जेमतेम तीन वर्षांचे होते आणि सशाला विलक्षण घाबरत असे. जोन्सबाईंनी त्याला समजावले नाही, दटावलेही नाही. त्याला आवडीचा खाऊ खायला बसवले आणि पिंजऱ्यातला ससा खोलीत दूर ठेवला, इतका दूर की खाण्यात व्यत्यय येऊ नये. मग बैठकीमागून बैठकीत ससा थोडा थोडा जवळ आणला. अखेरीस पीटर सशाला हाताने कुरवाळू लागला. कुत्र्यांवर धावून जाणाऱ्या कुत्र्याचे प्रशिक्षण तत्त्वतः याहून वेगळे नाही.

प्रत्यक्षात ते असे होते. प्रथम अंतर शोधायचे. प्रत्येक कुत्र्याचा एक उंबरठा असतो. दुसरा कुत्रा त्या अंतराच्या पलीकडे असेल तर हा पाहतो, पण खातो, हाक ऐकतो, मान वळवतो. अलीकडे आला की काही ऐकू येत नाही, तोंडासमोरचा चिकनचा तुकडाही दिसत नाही. कोणाचा उंबरठा दहा मीटरवर असतो, कोणाचा पन्नास. काम उंबरठ्याच्या पलीकडेच करायचे. दुसरा कुत्रा दिसला की लगेच उत्तम खाऊ सुरू. तो दिसेनासा झाला की खाऊ बंद. क्रम महत्त्वाचा, आधी कुत्रा मग खाऊ. उलट झाले तर खाऊची पिशवी उघडणे हीच धोक्याची सूचना होऊन बसते. येथे भुंकण्याचे बक्षीस दिले जात आहे, असा आक्षेप हमखास घेतला जातो. तो चुकीचा आहे. भीती ही काही हिशेब करून केलेली कृती नव्हे, आणि खाऊने ती वाढत नाही. घाबरलेल्या मुलाला जवळ घेतल्याने ते अधिक घाबरत नाही, तसेच. काही दिवसांनी, कधी काही महिन्यांनी, एक क्षण येतो. कुत्रा दुसऱ्या कुत्र्याकडे पाहतो आणि आपण होऊन मालकाकडे वळून पाहतो, 'दिसला मला, आता दे' अशा अर्थाने. मराठीत चांगल्या शिकवणीला 'वळण लावणे' म्हणतात. येथे तो शब्दशः खरा ठरतो. शिकवायचे ते हे मान वळवणे, आणि अडचणीच्या क्षणी मालकाबरोबर मागे वळून शांतपणे चालू लागणे. अंतर त्यानंतरच आणि थोडे थोडे कमी करायचे. दोन मालक ओळखीचे असतील तर दोन्ही कुत्र्यांना समांतर, एकाच दिशेने, मध्ये पुरेशी जागा ठेवून चालवणे हा उत्तम सराव ठरतो.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, अन्यथा हेही प्रवचनच होईल. प्रत्येक कुत्रा इतर कुत्र्यांचा मित्र होत नाही आणि तसे ध्येय ठेवण्याचे कारणही नाही. रस्त्यावर भेटणाऱ्या प्रत्येकाशी मैत्री करावी, अशी अपेक्षा आपण स्वतःकडूनही ठेवत नाही. दुसऱ्याकडे दुर्लक्ष करून शांतपणे पुढे जाता आले, तरी कुत्र्याने आणि मालकाने पुष्कळ मिळवले. तोवर फिरण्याची वेळ बदलावी, वाट बदलावी, जिन्याच्या वळणावर आधी डोकावून पाहावे. ज्याने पूर्वी दुसऱ्या कुत्र्याला जखमी केले आहे, त्याला जाळीदार मुसके घालण्याची सवय लावावी. त्यात तोंड उघडता येते, धापा टाकता येतात, पाणी पिता येते. मुसके हा अपमान नव्हे. ते हळूहळू, खाऊ देत, आनंदाने घालायला शिकवता येते. एकाच घरातले दोन कुत्रे भांडत असतील, तर त्यांना वेगवेगळ्या खोल्यांत जेवू घालावे आणि 'त्यांचे त्यांना ठरवू दे' हा मोह आवरावा. विशेषतः दोन माद्यांमधील वैर पुष्कळदा मिटत नाही, आणि अशा वेळी एकीसाठी दुसरे चांगले घर शोधणे हे अपयश मानू नये. नराच्या निर्बीजीकरणाने माद्यांवरून होणारी भांडणे कमी होऊ शकतात; भीतीतून येणारी आक्रमकता त्याने जाईल, असे समजू नये. आणि प्रत्यक्ष झुंज लागली तर हात मध्ये घालू नये. पाणी ओतावे, जाड चादर टाकावी, फळी किंवा खुर्ची मध्ये सारावी. झुंज सोडवताना मालकाला झालेली जखम बहुधा स्वतःच्याच कुत्र्याने केलेली असते, त्याने ती ओळखून केलेली नसली तरी.

जातीचा प्रश्न टाळता येत नाही. १२ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्याने राज्यांना पत्र पाठवून पिटबुल, रॉटवायलर आदी २३ जातींच्या कुत्र्यांवर निर्बंध घालण्यास सांगितले. पुढच्याच महिन्यात कर्नाटक आणि दिल्ली या उच्च न्यायालयांनी ते रद्द ठरवले. आनुवंशिकतेचा काहीच परिणाम नसतो, असे कोणी म्हणणार नाही. ब्रिटनमध्ये १८३५ साली बैलांवर कुत्रे सोडण्याच्या खेळाला बंदी आल्यावर लोक कुत्र्याविरुद्ध कुत्रा झुंजवण्याकडे वळले, आणि काही वंश त्याच कामासाठी निवडून वाढवले गेले. पण १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. त्यानुसार एका कुत्र्याच्या आणि दुसऱ्याच्या वागण्यातील फरकांपैकी सुमारे नऊ टक्केच जातीने स्पष्ट होतात. जन्मावरून स्वभाव ठरवण्याचे आकर्षण आपल्या समाजाला किती आहे, हे वेगळे सांगायला नको. निदान कुत्र्यांच्या बाबतीत तरी 'जात' हा शब्द उच्चारताना आपण थोडे अडखळावे.

आता या विषयाला आलेल्या ताज्या धारेविषयी. २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भटक्या कुत्र्यांविषयीच्या आपल्याच आधीच्या आदेशात बदल केला. निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्रे मूळ जागी सोडावेत, मात्र रेबीज झालेले किंवा आक्रमक वर्तन असलेले कुत्रे सोडू नयेत, असे त्यात म्हटले होते. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शैक्षणिक संस्था, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके आदी ठिकाणांतील कुत्रे हलवून ते पुन्हा तेथे सोडू नयेत, असे सांगितले गेले. म्हणजे हा प्रश्न आमच्या महाविद्यालयांच्या फाटकापर्यंत येऊन पोहोचला. लहान मुलांवर झालेले हल्ले, रेबीजने झालेले मृत्यू हे वास्तव आहे, आणि त्याकडे भूतदयेच्या नावाखाली डोळेझाक करणाऱ्यांशी प्रस्तुत लेखकाचे मतैक्य नाही. प्रश्न आहे तो 'आक्रमक' या विशेषणाचा. ते आता केवळ शेजाऱ्याच्या तोंडचे राहिले नाही. त्यावर एखाद्या प्राण्याची उरलेली सारी वर्षे मोकळ्या जागेत जातील की पिंजऱ्यात, हे ठरू शकते. ते कोण लावणार? गल्लीच्या सीमेवर दुसऱ्या टोळीच्या कुत्र्यावर भुंकणारा कुत्रा आक्रमक, की पिल्लांजवळ आलेल्यावर गुरगुरणारी मादी आक्रमक, की काही न बोलता माणसाच्या पोटरीला चावणारा आक्रमक? दुसऱ्या कुत्र्यांशी भांडणारा कुत्रा माणसांना धोकादायक असतोच असे नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रस्त्यावरच्या बहुतेक झुंजी आवाजाच्या असतात, रक्ताच्या नसतात. गोंगाटावरून निवाडा केला, तर सर्वांत मोठ्याने इशारा देणारे कुत्रे आधी उचलले जातील आणि इशारा न देणारे मागे राहतील. माणसांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीनेही हे उफराटे आहे.

माणसांचेच प्रश्न एवढे बिकट असताना कुत्र्यांच्या मनाची चिकित्सा कशाला, असे कोणी म्हणेल. आक्षेप गंभीर आहे. सदनिकेत राहून कुत्र्यासाठी चिकन शिजवणाऱ्यांनी तर तो जरूर ऐकावा. परंतु येथे सांगितलेल्या गोष्टींना पैसे फारसे लागत नाहीत. अंतर फुकट आहे, वळून चालू लागणे फुकट आहे, पाहणेही फुकट आहे. महाग आहे तो धीर, आणि तो कुत्र्यासाठी कमावला तर इतरत्र वाया जाईल असे नाही. वर्गात मागच्या बाकावर बसून प्रत्येक प्रश्नाला उद्धट उत्तर देणारा विद्यार्थी आम्ही सर्वांनी पाहिलेला आहे. त्याला बाहेर काढले की वर्ग शांत होतो. ती शांतता शिकवण्याच्या कामी आली का, हे मात्र आम्ही क्वचितच तपासतो.

तेव्हा ज्यांच्या घरी असा कुत्रा आहे त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते. उद्या फिरायला जाताना साखळी थोडी सैल ठेवा. समोरून कुत्रा येताना दिसला की रस्ता ओलांडून पलीकडे जा, आणि तेथून आपल्या कुत्र्याच्या तोंडाकडे, कानांकडे, शेपटाकडे पाहा. त्याला गप्प करू नका. तो काय म्हणतो आहे ते आठवडाभर लिहून काढा. आणि ज्यांचा कुत्रा 'काही करत नाही', त्यांनी तो कृपया बांधून आणावा.